कोल्हापुरात बसून हिमालयातल्या बर्फाचा अंदाज: हिवाळी ट्रेकआधी काय, कधी आणि कुठे बघायचं

डिसेंबर उजाडला की केदारकांठा, मनाली, गुलमर्गची तिकिटं काढलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकच उद्योग सुरू होतो. ॲप उघडायचं, बर्फाचं चिन्ह दिसतंय का बघायचं आणि स्क्रीनशॉट टाकायचा. सकाळी चिन्ह असतं, संध्याकाळी तिथे सूर्य आलेला असतो. मग अर्धे म्हणतात बर्फ मिळणार नाही, अर्धे म्हणतात रस्ता बंद होणार, आणि निर्णय मात्र कुणीच घेत नाही.

बर्फाच्या त्या एका चिन्हात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. बर्फ घेऊन येणारी हवेची प्रणाली येते आहे का? आली तर आपला डोंगर तिला अडवणार का? आणि जे पडेल ते आपल्या उंचीवर बर्फ असेल की पाऊस? पहिल्याचं उत्तर आठवडाभर आधी मिळू शकतं, दुसऱ्याचं चार-पाच दिवस आधी, तिसऱ्याचं जेमतेम दोन दिवस आधी. कोल्हापूरहून निघणाऱ्याला गाडीत मात्र तिसऱ्या उत्तराच्या आधीच बसावं लागतं. म्हणून निर्णयसुद्धा टप्प्याटप्प्यानेच घ्यावा लागतो. पुढची सगळी पद्धत त्यासाठी आहे.

आधी स्वतःच्या वाटेच्या उंच्या लिहून काढा

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. जुलैत ‘पाऊस किती’ यापेक्षा ‘पाणी किती फुटांवर’ हे आपण आधी विचारतो, कारण आपल्या कामाचा आकडा तोच असतो. बर्फाच्या बाबतीत तसा कामाचा आकडा म्हणजे उंची.

केदारकांठ्याचं उदाहरण घेऊ. उत्तरकाशी जिल्ह्यातलं, ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री साधारण १,९५० मीटरवर, जुडा का तालाब २,७०० च्या वर, बेस कॅम्प सुमारे ३,४०० वर आणि माथा ३,८०० मीटरच्या आसपास. एवढं सगळेच बघतात. पण डेहराडूनहून सांक्रीला जाताना मसुरीवरून गेलात तर तीही जवळपास २,००० मीटरवर आहे, हे विसरलं जातं. माथ्यावर बर्फ पडणं ही आनंदाची गोष्ट. तोच बर्फ मसुरीच्या घाटात पडला तर तुमची जीप खालीच थांबते. मनालीकडे जाणाऱ्यांनी मनाली २,०५०, सोलंग २,५०० च्या वर आणि अटल बोगदा ३,१०० मीटरच्या आसपास, असं लिहावं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यातच हजारो पर्यटक गाड्यांसकट अडकले होते.

माझा आग्रह असा की माथ्याआधी रस्त्याचा अंदाज काढा. एका कागदावर मुक्काम, रस्त्यावरचा सर्वांत उंच भाग आणि माथा अशा तीन उंच्या लिहा. पुढची सगळी आकडेमोड या तीन आकड्यांशीच जुळवायची आहे.

आठ-दहा दिवस आधी: नजर इराणवर

हिवाळ्यात हिमालयात पडणारा बहुतेक बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. वर्तमानपत्रांत यांनाच कधी पश्चिमी झंझावात, कधी पश्चिमी चक्रावात म्हणतात. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्राच्या बाजूने उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांत गुंफलेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत आपल्याकडे येतात. हिवाळ्यात महिन्याला सरासरी चार ते सहा येतात, पण त्यातल्या थोड्याच दणदणीत बर्फ देतात. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांचा खरा मोसम. डिसेंबरच्या सुट्टीत हमखास बर्फ मिळेल असं धरून जाणाऱ्यांची अनेकदा निराशा होते, आणि त्यात ॲपचा काही दोष नसतो.

विंडीसारखं हवामानाचे नकाशे दाखवणारं संकेतस्थळ उघडा, वाऱ्याचा थर निवडा आणि उंची ५०० हेक्टोपास्कलवर न्या (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं माप, वर जाल तसा आकडा घटतो). ही पातळी समुद्रसपाटीपासून साडेपाच-पावणेसहा किलोमीटर वर असते. तिथे वारा सरळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असेल तर काही येत नाहीये. तोच वारा इराण-अफगाणिस्तानावर दक्षिणेकडे झुकून पुन्हा वर वळलेला दिसला, नकाशावर खोलगट झोळ तयार झाला, तर ती द्रोणी. हीच तुमची प्रणाली. इराणवरून उत्तराखंडपर्यंत यायला तिला साधारण दोन-तीन दिवस लागतात.

झोळ किती खोल आहे हे नीट बघा. तो फक्त काश्मीर-लडाखच्या डोक्यावरून सरकत असेल, तर गुलमर्गला थोडं काही मिळेल आणि उत्तराखंड कोरडा राहील. तोच झोळ खाली २५ अंश अक्षांशापर्यंत, म्हणजे राजस्थान-सिंधपर्यंत उतरला असेल, तर तो अरबी समुद्रावरची ओल वर खेचतो. राजस्थान-पंजाबवर खालच्या थरात चक्राकार वारे तयार झाले की ही ओढ आणखी वाढते. मोठे हिमवर्षाव बहुतेक याच जोडीतून होतात.

हवामान खात्याच्या पत्रकात हे सगळं एका वाक्यात असतं, फक्त ते वाचता आलं पाहिजे. ‘५.८ किमी उंचीवरील द्रोणी, ७० अंश पूर्व रेखांश, २५ अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेस’ असं काहीसं ते वाक्य असतं. यातली ५.८ किमी म्हणजे आपली ५०० हेक्टोपास्कलची पातळी, ३.१ किमी म्हणजे ७००, आणि १.५ किमी म्हणजे ८५०. रेखांश वेळ सांगतो. गुलमर्ग ७४ अंशांवर, मनाली ७७ वर, सांक्री ७८ च्या थोडं पुढे. बर्फ पडतो तो द्रोणीच्या पूर्वेकडच्या अंगाला, जिथे हवा वर चढत असते. द्रोणीचा अक्ष, म्हणजे झोळाची मधली रेषा, ७० वर असेल तर सांक्रीचे पुढचे एक-दीड दिवस महत्त्वाचे. अक्ष तुमच्या डोक्यावरून पुढे गेला की आभाळ उघडायला लागतं.

या टप्प्यावर ‘किती सेंटिमीटर’ बघू नका. आठ दिवस आधीच्या सेंटिमीटरला काही अर्थ नसतो. प्रणाली आहे की नाही एवढंच ठरवा.

चार-पाच दिवस आधी: डोंगर कुठल्या बाजूने भिजणार

इथे कोल्हापूरकरांना फारसं शिकवावं लागत नाही. गगनबावड्यात धो धो कोसळत असताना शिरोळात रस्ता कोरडा, हे आपण दर पावसाळ्यात बघतो. एकाच जिल्ह्यात, शंभर किलोमीटरच्या आत, पावसात जवळजवळ दहापट फरक पडतो, कारण समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला आडवा धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि घाटमाथ्यावरच रिकामा होतो. हिमालयात हिवाळ्यात नेमकं हेच घडतं. फरक एवढाच की तिथे ओल आणणारा वारा दक्षिण-नैऋत्येकडून येतो आणि भिंत कितीतरी उंच असते.

म्हणून आता ७०० हेक्टोपास्कलची पातळी उघडा, साधारण तीन किलोमीटर उंचीची. वारा दक्षिण किंवा नैऋत्येकडून, जोरात आणि डोंगररांगेला काटकोनात येत असेल तर धौलाधार आणि पीर पंजाल त्याला पिळून काढतात. धरमशाळा हिमाचलातल्या सर्वांत पावसाळी ठिकाणांपैकी एक, आणि रांगांपलीकडचं स्पिती पर्जन्यछायेतलं शीत वाळवंट, ते याचमुळे. वारा रांगेला समांतर असेल तर ढग दाटून येतात, पण हाती फारसं लागत नाही. त्याच पातळीवरची सापेक्ष आर्द्रताही बघा. वारा योग्य दिशेचा पण हवा कोरडी असेल तर ॲपवरचा बर्फ प्रत्यक्षात अर्ध्यावर येतो.

हा भाग शिकायला हिमालयात जावं लागत नाही. पावसाळ्यात ८५० हेक्टोपास्कलचा वारा आणि गगनबावडा, राधानगरी, शिरोळ या तीन ठिकाणचे रोजचे पावसाचे आकडे शेजारी शेजारी मांडत गेलात, तर वाऱ्याच्या एका बाणावरून डोंगर काय करणार हे तुम्हाला दिसायला लागेल.

बर्फ की पाऊस: इथेच खरा घोळ होतो

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्या.

हवेत ज्या उंचीवर तापमान शून्य अंश असतं ती शून्याची पातळी. विंडीवर तिचा स्वतंत्र थर आहे. पण बर्फ तिथेच थांबत नाही. पडणारा बर्फ वितळायला वेळ लागतो, त्यामुळे बर्फाची सीमा साधारण दोनशे-तीनशे मीटर खाली येते. शून्याची पातळी २,६०० मीटर असेल तर बर्फ २,३००-२,४०० मीटरपर्यंत धरा. या हिशेबाने जुडा का तालाबला बर्फ, सांक्रीत थंडगार पाऊस, मसुरीतही पाऊस. म्हणजे रस्ता चालू, पण ओल्या सामानानिशी ट्रेकची सुरुवात. पातळी १,९०० वर आली तर सांक्री आणि मसुरी दोन्हीकडे बर्फ, आणि जीपचा प्रश्न.

दोन गोष्टी ही सीमा आणखी खाली ओढतात. हवा कोरडी असेल तर पडणारा बर्फ थोडा हवेतच विरतो आणि भोवतालची हवा गार करतो. अशा वेळी तापमापक दोन-तीन अंश दाखवत असतानाही बर्फ पडतो. दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊ लागते ते तापमान) शून्याच्या बराच खाली दिसला तर ही शक्यता लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट वर्षावाच्या जोराची. जोरात आणि सलग पडत राहिलं की वितळणारा बर्फच हवेतली उष्णता शोषून घेतो आणि संध्याकाळी पाऊस पाहिलेल्या गावात पहाटे बर्फ साचलेला असतो.

प्रणालीच्या आयुष्यातही एक क्रम असतो. पुढचा भाग दक्षिणेकडच्या वाऱ्यामुळे उबदार असतो, मागून थंड हवा येते. त्यामुळे सुरुवातीला पाऊस आणि शेवटी बर्फ, असं मधल्या उंचीवर नेहमी घडतं. ॲपवर दिवसाचं एकच चिन्ह असतं, त्यात हा क्रम हरवून जातो. तीन-तीन तासांचा तक्ता उघडा.

ॲपचं तापमान दरवेळी तुमच्या गावाचं नसतं, हेही ध्यानात ठेवा. ॲपमागचं मॉडेल, म्हणजे अंदाज काढणारी संगणकातली आकडेमोड, जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एक सरासरी उंची देतं. युरोपीय हवामान केंद्राचं (ईसीएमडब्ल्यूएफ) मुख्य मॉडेल सुमारे ९ किलोमीटरचे चौकोन वापरतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरवर आली आहे. पण हिमालयात सहा किलोमीटरमध्येसुद्धा नदी आणि शिखर दोन्ही मावतात. समजा मॉडेलने सांक्रीच्या चौकोनाची उंची २,६०० मीटर धरली आहे. गाव आहे १,९५० वर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या हिशेबाने साडेसहाशे मीटरला सव्वाचार अंशांचा फरक पडला. ॲप उणे दोन म्हणत असेल तर गावात अधिक दोन असू शकतं, आणि सगळा अंदाज उलटा होतो. काही संकेतस्थळं मॉडेलने धरलेली उंची तक्त्याजवळ दाखवतात. ती शोधा आणि दुरुस्ती स्वतः करा.

किती पडेल

मॉडेल मुळात पाण्याचे मिलिमीटर मोजतं, सेंटिमीटर आपण काढायचे. ढोबळ नियम असा की १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ. शून्याच्या जवळ पडणारा ओला, जड बर्फ अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरवरच दबतो. कडक थंडीत, ढगातलं तापमान उणे १५ च्या आसपास असताना, मोठ्या फांदीदार पाकळ्या तयार होतात आणि त्याच पाण्याचा दीड ते दोन सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ होतो. म्हणजे २० मिलिमीटरला सांक्रीत दहा-पंधरा सेंटिमीटर चिखलट बर्फ आणि बेस कॅम्पवर तीस सेंटिमीटर, असा फरक पडू शकतो. वारा असेल तर उघड्या धारेवर काही साचत नाही आणि आडोशाच्या घळीत कमरेपर्यंत ढीग लागतो.

हवामान खातं पावसासाठी ‘जोरदार’ हा शब्द २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे वापरतं. तेवढं पाणी बर्फ होऊन पडलं तर अर्ध्या मीटरहून जास्त थर होतो. पत्रकात जोरदार पाऊस किंवा हिमवर्षाव असं वाचलं की हे चित्र डोळ्यांसमोर आणा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर, ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त केंद्रांवर. आपल्या पावसाच्या पत्रकांतलेच हे शब्द आहेत.

एका मॉडेलवर जीव लावू नका

अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, दोन्ही शेजारी ठेवा. जीएफएसचे दिवसातले चार फेरे आपल्या वेळेनुसार पहाटे ५.३०, सकाळी ११.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ११.३० च्या निरीक्षणांवर आधारलेले असतात, आणि निकाल त्यानंतर काही तासांनी हाती येतो. दर तासाला ॲप उघडून नवीन काही मिळत नाही. दिवसातून दोनदा, ठरावीक वेळी बघा आणि वहीत लिहा: प्रणालीची तारीख, शून्याची पातळी, मिलिमीटर. सलग तीन-चार फेऱ्यांत आकडे जवळपास तेच राहिले तर विश्वास वाढवा. आज ५ मिलिमीटर, उद्या ४०, परवा १० असं चाललं असेल तर मॉडेललाच अजून ठरलेलं नाही, आणि तुम्हीही ठरवू नका.

एन्सेम्बल म्हणजे सुरुवातीच्या स्थितीत बारीक बदल करून तेच मॉडेल अनेकदा चालवणं. युरोपीय केंद्र असे ५१ सदस्य चालवतं. त्यातले बहुतेक बर्फ दाखवत असतील तर तयारी करा, मूठभर दाखवत असतील तर ती निव्वळ शक्यता समजा.

शेवटचे दोन दिवस: आता माणसांचं ऐका

४८ तास उरले की मॉडेल बाजूला ठेवा आणि त्या राज्याच्या हवामान केंद्राचं पत्रक उघडा: उत्तराखंडसाठी डेहराडून, हिमाचलसाठी शिमला, काश्मीरसाठी श्रीनगर. तिथले अंदाजकर्ते आपल्या दऱ्या ओळखतात, मॉडेल ओळखत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून तर शिवाजीनगरातल्या त्या इमारतीला शिमला ऑफिस म्हणतात. हे खातं आपल्याला परकं नाही, तरीही खासगी ॲपच्या नादात त्याचं पत्रक उघडायचं राहून जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृतीची वेळ. नारिंगी असताना वरच्या कॅम्पला मुक्काम हलवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इन्सॅट उपग्रहाची अवरक्त चित्रंही आता उपयोगाची. काबूल-पेशावरवर पांढऱ्या, दाट ढगांचा पट्टा पूर्वेकडे सरकताना दिसला की वेळ जवळ आली.

वर पोहोचल्यावर फोन बंद पडला तरी आभाळ बोलत असतं. आधी पिसांसारखे उंच ढग, मग सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती खळं, मग दुधी पडदा, मग सूर्यच अंधूक. रात्र नेहमीपेक्षा उबदार वाटली तर खूश होऊ नका; ढगांनी जमिनीची ऊब अडवून ठेवलेली असते. उंची दाखवणारं घड्याळ असेल तर कॅम्पवर न हलता त्याचा आकडा बघा. हवेचा दाब उतरला की घड्याळ उंची वाढली असं दाखवतं. साडेतीन हजार मीटरच्या आसपास सुमारे १२ मीटरची खोटी चढण म्हणजे १ हेक्टोपास्कलची घट. दाब रोज ठरावीक वेळी थोडा चढतो-उतरतो, म्हणून आज सकाळी सातचा आकडा काल सकाळी सातच्याच आकड्याशी ताडून बघा. चाळीस-पन्नास मीटरचा फरक दिसला तर गाइडशी लगेच बोला. आणि गावातला म्हातारा माणूस वाऱ्याकडे बघून ‘आज नका जाऊ’ म्हणाला, तर तुमच्याकडे कितीही चांगला नकाशा असो, थांबा.

आभाळ उघडल्यावरचा धोका

द्रोणी पुढे गेली की वायव्येचा कोरडा वारा सुटतो, आकाश निळंशार होतं आणि फोटोची हौस अनावर होते. पारा त्याच रात्री सर्वांत खाली जातो, आणि दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठतं. ताज्या बर्फाचे पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार धोक्याचे, आणि त्यांच्या पायथ्याची वाटही तितकीच धोक्याची. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रक जिल्ह्यानुसार धोक्याची पातळी सांगतं. ते वाचल्याशिवाय निघू नका. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे हिमस्खलनात रस्तेबांधणीचे आठ कामगार गेले. ती डोंगरात राबणारी, बर्फाची सवय असलेली माणसं होती.

कोल्हापूरहून निघताना निर्णय कसा बांधायचा

कोल्हापूर–निजामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदाच सुटते. मिरजेहून गोवा एक्सप्रेस रोज असते, पण सुट्टीच्या दिवसांत तिचंही तिकीट आयत्या वेळी बदलता येत नाही. म्हणून तारीख बदलण्यावर भिस्त ठेवू नका. वेळापत्रकात दोन मोकळे दिवस ठेवा. मिरजेला गाडीत बसताना एवढंच ठाऊक असतं की प्रणाली येणार की नाही. डेहराडूनला उतरताना शून्याची पातळी आणि मिलिमीटर हाती असतात. सांक्रीला पुढे जायचं की डेहराडूनलाच एक दिवस काढायचा, हा निर्णय तिथे घ्या, आणि तो तिथेच घेतला जाईल असं ग्रुपमधल्या प्रत्येकाला कोल्हापुरातच सांगून ठेवा. पैसे भरून आलेली माणसं ऐनवेळी थांबायला तयार होत नाहीत. आधी ठरलेलं असेल तर वाद कमी होतात.

सांक्रीच्या पुढे नेटवर्क असेल असं गृहीत धरू नका. घरी राहणारा एक माणूस नेमा, ज्याला हे नकाशे वाचता येतात. त्याने रोज रात्री आठला साधा एसएमएस पाठवायचा, कारण इंटरनेट नसतानाही तो पोहोचण्याची शक्यता जास्त. मजकुराचा साचाही आधीच ठरवा, म्हणजे घाईत काही सुटत नाही: ‘अक्ष ७२, शून्य पातळी २३००, पाणी २५ मिमी, सुरुवात शुक्रवार दुपार, थांबणार शनिवार रात्र, डेहराडून नारिंगी, हिमस्खलन पातळी ३.’ सांक्री सोडण्याआधी आलेला शेवटचा संदेश गाइडला वाचून दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐकूनच सामान उचला.